वर्ग ‘का?’ला गप्प बसतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. करवीर तालुक्यातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, नववीचा वर्ग, पट ५२, तुमच्याकडे भूगोल आणि विज्ञान. मुलांची उच्च विचारकौशल्यं वाढवा असं प्रशिक्षणात सांगितलं, म्हणून धडा संपला की तुम्ही ‘का’, ‘तुमच्या मते’, ‘कल्पना करा’ असे प्रश्न विचारता. हात वर होतात ते त्याच चौघांचे. बाकीचे वहीत मान घालून बसतात. घरून लिहून आणा म्हटलं तर सगळ्या वह्यांत गाईडातलं एकच उत्तर. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन संपवा. अशा वर्गात कोणत्या पद्धती खरोखर चालतात आणि मुख्याध्यापकांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

तुमचे प्रश्न सोपे किंवा अवघड आहेत ही अडचण मला वाटत नाही. मुलं गप्प आहेत ती हुशारीनंच. आठ वर्षं शाळेत काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते: सरांनी प्रश्न विचारला म्हणजे उत्तर सरांकडे आहे. थोडा वेळ थांबलं की ते चौघांपैकी कुणीतरी देतं, नाहीतर सर स्वतःच फळ्यावर लिहितात. मग डोकं कशाला शिणवायचं? हा हिशेब बदलत नाही तोवर प्रश्नाची पातळी कितीही वर न्या, वर्ग तसाच राहील. हा हिशेब बदलतो प्रश्नानंतरच्या दोन-तीन मिनिटांत. मूल उत्तर देतं, आणि मग तुम्ही काय करता? माझ्या अनुभवात सगळं तिथं ठरतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांना परिच्छेद सलग वाचता येत नसेल, तर खाली सांगतो त्यातलं लेखी काम तोंडी करून घ्या आणि वाचनावर वेगळं काम करा. विचार करायला वाचन येईपर्यंत थांबायची गरज नाही, पण वाचनाची अडचण विचाराच्या नावाखाली झाकूही नका. तास ३५ मिनिटांचा असेल तर यातलं निम्मंच होईल. दहावीचा वर्ग असेल तर दिवाळीपर्यंत करा, पुढं मुलांच्या डोक्यात बोर्डाशिवाय काही शिरत नाही. आणि मी विज्ञान-भूगोलाचा माणूस. कविता शिकवणाऱ्यांना यातलं सगळं पटेलच असं नाही.

प्रशिक्षणात तुम्हाला ब्लूमचा तक्ता दाखवला असणार. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी विचाराच्या पातळ्यांची ही वर्गवारी मांडली, २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती सुधारली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तक्ता चांगला आहे. आपल्याकडे त्याची झाली ती क्रियापदांची यादी. ‘सांगा’च्या जागी ‘विश्लेषण करा’ लिहिलं की पाठ टाचणात पातळी वाढली! प्रत्यक्षात प्रश्न कोणत्या पायरीवरचा आहे हे त्यातल्या क्रियापदावरून कळत नाही. मुलाला आधी काय सांगितलंय, त्यावर ते अवलंबून असतं. ‘सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो?’ हा दिसायला कारणमीमांसेचा प्रश्न. पण काल तुम्ही पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर काढून शिकवला असेल, तर आज तो निव्वळ आठवणीचा प्रश्न आहे. उलट धडा शिकवायच्या आधी गगनबावडा, कोल्हापूर आणि शिरोळ या तिन्ही ठिकाणांचे पावसाचे आकडे नुसते फळ्यावर लिहा. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याचा पाऊस शिरोळच्या कितीतरी पट. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा आणि विचारा, ‘हे असं का असेल?’ आता तोच प्रश्न खरंच विश्लेषणाचा झाला. म्हणजे शिकवण्याचा क्रम उलटला एवढंच. मेहनत वाढली नाही.

इतिहासाच्या तासालाही हे चालतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे कोल्हापूरच्या पोराला झोपेतही सांगता येतं. त्याला विचारा, ‘मोफत केलं होतं, मग सक्ती कशाला लागली? मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड का?’ शेतावर राबणाऱ्या, गुरांमागं जाणाऱ्या पोराच्या बापाच्या जागी उभं राहिल्याशिवाय याचं उत्तर येत नाही, आणि ते कुठल्या ओळीखाली पेन्सिलीनं खूण करूनही सापडत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली पाठांतराला शिव्या देण्याची फॅशन आहे. रिकाम्या डोक्यानं विचार होत नाही. ज्याला उत्तरायण-दक्षिणायन माहीत नाही त्याला पुढचं उदाहरण दिलंत तर तो फक्त अंदाज फेकेल. माहिती द्या, पाठ करून घ्या, छोट्या चाचण्या घ्या. मात्र ती माहिती वापरायची वेळ धड्यागणिक एकदा तरी येऊ द्या.

आता एक तास सविस्तर सांगतो, कारण पद्धतींची नुसती नावं देऊन काही कळत नाही.

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव तुमच्या वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. तारखा फळ्यावर लिहा: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. बाकी काही सांगू नका. विचारा, ‘वर्षातून दोनदाच का? आणि याच तारखा का?’

इथं पहिला नियम: कुणीही बोलायचं नाही, दोन मिनिटं प्रत्येकानं वहीत काहीतरी लिहायचं. चूक चालेल, कोरं चालणार नाही. मग शेजाऱ्याला दाखवायचं, एकमेकांचं वाचायचं, पटलं तर आपलं बदलायचं. त्यानंतर वर्ग. ‘आधी वही, मग शेजारी, मग वर्ग’ एवढंच मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. एका बाकावर तिघं बसणाऱ्या आपल्या वर्गात ती आणखी छान बसते, बाक हलवावे लागत नाहीत. हात वर करणं बंद. मी डब्यात हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या ठेवतो आणि चिठ्ठी निघेल त्यानं वहीतलं वाचायचं. वाचायचंच असतं, त्यामुळे लाजणाऱ्यालाही फारसं अवघड जात नाही.

पहिल्या फेरीत येतं ते असं: ‘तेव्हा देवीचा उत्सव असतोय म्हणून’, ‘हिवाळ्यात सूर्य खाली असतोय’, ‘पावसाळ्यात ढग असत्यात’. सगळं फळ्यावर लिहा. बरोबर-चूक म्हणू नका. मग विचारा, यातलं कोणतं कारण खरं असेल तर किरणोत्सव डिसेंबरातही व्हायला हवा होता? वर्ग हळूहळू जागा होतो. हिवाळा म्हणून असेल तर डिसेंबर का नाही? ढग नसणं हे कारण असेल तर मार्चमध्ये का नाही? आपलंच उत्तर पडतंय हे मुलांना स्वतः दिसतं, तुम्हाला ते पाडावं लागत नाही.

मग एक सूचना द्या: २२ डिसेंबरपासून (सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो दिवस) दोन्हीकडे दिवस मोजा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर, ४२ दिवस. २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी, ४१ दिवस. इथं कुठल्यातरी बाकावरून ‘आयला!’ ऐकू येतं, ते ऐकू न आल्यासारखं करा. सूर्य दक्षिणेकडे जाताना मावळतीच्या ज्या जागेवरून गेला, परतताना त्याच जागेवरून जाणार. ‘दक्षिणायन’ हा पुस्तकातला शब्द आता त्यांनी स्वतः दिवस मोजून पकडलेला असतो.

इथं थांबलात तर उपयोजन झालं. पुढं जायचं असेल तर अट बदला. ‘किरण येतात ती वाट नेमक्या पश्चिमेकडून असती, तर किरणोत्सव कधी झाला असता?’ (साधारण २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास.) ‘वाट आणखी दक्षिणेकडे वळवली तर दोन किरणोत्सवांमधलं अंतर वाढेल की कमी होईल?’ कमी होईल, दोन्ही तारखा डिसेंबराकडे सरकतील. ‘वर्षातून एकदाच व्हायचा असेल तर?’ हा शेवटचा प्रश्न मुलांना फार आवडतो. उत्तर त्यांनाच काढू द्या.

एखादा हुशार मुलगा दिनदर्शिकेतल्या सूर्यास्ताच्या वेळा बघून येतो आणि म्हणतो, ‘सर, सूर्य मावळतोय त्याच जागी, मग फेब्रुवारीत अर्धा तास उशिरा का?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे १० नोव्हेंबरला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, १ फेब्रुवारीला साडेसहाच्या. दिवसाची लांबी दोन्ही तारखांना जवळपास सारखी, पण सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पुढं सरकलेले. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्याची मध्यान्ह वर्षभर घड्याळाच्या एकाच ठोक्याला येत नाही. नोव्हेंबरात ती सरासरीपेक्षा पाव तासभर आधी येते, फेब्रुवारीत जवळपास तेवढीच उशिरा. नववीला हे सगळं सांगायची गरज नाही. ‘दोन्ही दिवसांचा सूर्योदयही बघून ये, मग बोलू’ म्हणा. पुढचा तास तो मुलगाच घेईल.

मूल्यमापन? काही वर्षी ढगांमुळं, हवेतल्या धूळ-बाष्पामुळं किंवा वाटेतल्या बांधकामांच्या अडथळ्यामुळं किरण पुरते पोचत नाहीत. ‘वाटेतली बांधकामं हटवावीत का?’ यावर वर्गात मत मागा, पण अट घाला: घरमालक काय म्हणेल ते आधी लिहायचं, मग आपलं मत. ही अट नसली तर सगळे एका सुरात ‘हटवावीत’ म्हणून मोकळे होतात.

एवढ्या सगळ्याला दोन तास लागतात. प्रत्येक धड्याला हे करायचं नाही. एका घटकाला एकदा, तेही जिथं विषयात खरंच काही दडलेलं आहे तिथं. बाकीचे तास सरळ शिकवा, त्यात कमीपणा नाही.

आता उत्तरानंतरच्या त्या मिनिटांकडे येतो. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, हे त्यांनी वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि मागं पडणारी मुलंही बोलायला लागतात. त्यांच्या कामातला एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही: थांबायचं ते दोन ठिकाणी. प्रश्नानंतर, आणि मुलानं उत्तर दिल्यानंतरही. मूल एक वाक्य बोलतं, आपण लगेच ‘बरोबर, शाब्बास, बस खाली’ म्हणतो, आणि त्याच्या तोंडात आलेलं दुसरं वाक्य तिथंच विरतं. ‘शाब्बास’ म्हणजे वर्गाला सूचनाच की विचार संपला. पुढच्या वेळी तीन सेकंद काही न बोलता त्याच्याकडे बघत राहून पाहा. ‘म्हणजे सर...’ असं म्हणून तो पुढं बोलतो. पुष्कळदा खरं उत्तर त्या ‘म्हणजे’नंतर येतं.

आणि मग दुसरा प्रश्न. माझे ठरलेले तीनच आहेत: ‘कशावरून?’, ‘हे कधी खरं ठरणार नाही?’ आणि ‘हिचं कुणाला पटलं नाही?’ याचा नमुना म्हणून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरचा वर्गातला संवाद देतो. प्रश्न साधा होता: पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायला बसवलेल्या, काढता येणाऱ्या फळ्या) का काढतात?

‘पाणी लई येतंय म्हणून.’

‘येऊ दे की. साठवायलाच बंधारा बांधलाय ना?’

(शांतता. मी खिडकीबाहेर बघतो.)

‘बंधारा फुटंल सर.’

‘कशावरून?’

‘पाणी ढकलतंय की त्याला.’

‘मग राधानगरीचं धरण का फुटत नाही? तिथं तर किती जास्त पाणी.’

‘त्याला दरवाजं हैत. आपोआप उघडत्यात.’

‘बर्गे म्हणजेही दारंच की. फरक काय?’

इथं एक मुलगी म्हणाली, ‘बर्गं माणसानं काढायचं, आणि पूर आल्यावर माणूस तिथं जाऊ शकत न्हाई. राधानगरीचं दार पाणीच उघडतंय.’ मागून एकानं भर घातली, ‘आणि बर्गं ठेवलं तर गाळ पण अडकंल.’ दोघांपैकी कुणीही पुस्तकातलं बोलत नव्हतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात बातम्यांत असतात, बर्गे काढताना त्यांनी गावात पाहिलेलं असतं. दोन माहितींची सांगड त्यांनी घातली. पुढं ‘मग प्रत्येक बंधाऱ्याला तसलेच दरवाजे का बसवत नाहीत?’ इथपर्यंत गेलो आणि खर्चाचा मुद्दा आला. सगळं मिळून दहा मिनिटं.

या संवादातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे. मूल ‘ढकलतंय’ म्हणालं आणि तुम्ही मध्येच ‘ढकलते म्हण’ असं सुधारलंत, तर ते बिचारं ‘ढकलते’ म्हणेल आणि गप्प बसेल. विचार चालू असताना बोली चालू द्या. प्रमाण भाषा लिहिताना बघू. मुली कमी बोलतात ही तक्रार सगळीकडे ऐकतो. चिठ्ठ्या आणि बोली या दोन गोष्टींनी माझ्या वर्गात जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच उपदेशानं पडला नाही.

गाईडाचं काय करायचं? ते बंद पाडायच्या भानगडीत पडू नका. गाईडात नसेल असा प्रश्न विचारा, आणि त्यासाठी फार कल्पकता लागत नाही. अट बदलायची, आकडे गावचे घ्यायचे, किंवा उत्तर देऊन त्यातली चूक शोधायला लावायची. एरवी काय होतं ते मराठीच्या कृतिपत्रिकेत दिसतंच: ‘स्वमत’ लिहा म्हटलेल्या प्रश्नाची उत्तरं मुलं पाठ करून येतात. सगळ्या वर्गाचं स्वमत एकच, तेही शब्दशः! यात मुलांचा दोष नाही. तोच प्रश्न दरवर्षी येणार असेल तर पाठ करणं हाच शहाणपणा आहे.

गावच्या आकड्यांचं एक उदाहरण. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मच्छिंद्री झाली का?’ (पुराचं पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं का) हे घरोघरी विचारलं जातं, त्यामुळे विषय समजावून सांगावा लागत नाही. गणित द्या: आत्ता पातळी ३६ फूट, गेल्या बारा तासांत दोन फूट वाढ. इशारा पातळी गाठायला किती तास? त्रैराशिकानं अठरा. सगळ्यांना येतं. बहुतेक वर्गात इथं वही बंद होते. मी इथं सुरू करतो: ‘हे अठरा तासांचं उत्तर कधी चुकेल? तीन कारणं लिहा.’ वर पाऊस थांबला तर. धरणाचे दरवाजे उघडले तर. नदीकाठच्या गावचा एक मुलगा म्हणाला, पाणी पात्राबाहेर शेतात पसरलं की पातळी सावकाश चढते. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आकडा काढणं आणि त्या आकड्यावर किती विसंबायचं हे ठरवणं, यातलं दुसरं काम आपण जवळपास कधीच मुलांकडे देत नाही.

मात्र एक जपा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, जनावरं गेली, अशी मुलं तुमच्याही वर्गात असतील. त्यांना अचानक उभं करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. स्वतःहून बोललं तर ऐका, नाहीतर नदीच्या आकड्यांपुरतं ठेवा.

तपासायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आलंच. विचारांची उत्तरं तपासताना मी वहीच्या समासात तीनच गोष्टी बघतो: म्हणणं काय आहे, त्याला आधार काय दिलाय, आणि त्यावर शंका काय येऊ शकते हे लिहिलंय का. प्रत्येकाला एक गुण. मत माझ्या मताविरुद्ध असलं तरी तिन्ही असतील तर तीनपैकी तीन. हे मुलांना आधी सांगून ठेवायचं. पहिल्या महिन्यात शंकेची ओळ जवळपास सगळ्यांची कोरी असते. ५२ वह्या दर वेळी तपासायच्या नाहीत. दहा तुम्ही घ्या, बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या वहीत तीन खुणा करायच्या. तुम्ही घ्याल त्या दहा कुणाच्या हे आधी कळू द्यायचं नाही, एवढं पुरतं.

काय चालत नाही, तेही थोडक्यात. सहा-सहांचे गट करू नका, दोघं काम करतात आणि चौघं गप्पा मारतात. वादविवाद स्पर्धेत आवाज मोठा असणारा जिंकतो, पुरावा असणारा नाही. रंगीत कार्डशीटवरचे प्रकल्प पालकांची हस्तकला तपासायला ठीक आहेत. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची कोडी आपल्या जिल्ह्यात मनापासून घोटून घेतली जातात. ती जरूर घ्या, पण आकृत्यांचा क्रम ओळखणारा मुलगा पेपरातल्या बातमीतली खोट आपोआप ओळखेल असं समजू नका. ज्या विषयात विचार करायला शिकवाल त्याच विषयात तो आधी येतो, इकडून तिकडे फार सावकाश जातो. म्हणून ‘विचारकौशल्यांचा तास’ असा वेगळा तास मागू नका. भूगोलातच करा.

सुरुवात करायची तर पुढच्या आठवड्यात फक्त दोन बदल करा: हात वर करणं बंद करून आधी वहीत लिहायला लावा, आणि उत्तरानंतर ‘शाब्बास’च्या जागी तीन सेकंद थांबून ‘कशावरून?’ विचारा. प्रश्न तुमचे आहेत तेच राहू देत. हे अंगवळणी पडलं की मग महिन्यातून एखादा धडा उलटा शिकवा, आधी आकडे, मग कारण. पहिले काही दिवस वर्ग आणखी गप्प होईल, कारण मुलं तुम्ही नेहमीसारखं उत्तर सांगायची वाट बघत असतील. तेव्हा माघार घेऊ नका. शेजारच्या वर्गातले सर गोंगाटाची तक्रार करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी ब्लूमबद्दल बोलू नका, नवीन धोरणाबद्दलही नको, ते सगळं त्यांनी परिपत्रकांत वाचलेलं आहे. त्यांची काळजी रास्त आहे: अभ्यासक्रम राहिला तर पालकांना उत्तर त्यांना द्यावं लागतं. म्हणून आधी वार्षिक नियोजनाचा कागद घेऊन जा आणि कोणत्या घटकांना जादा तास लागेल, तो कुठून काढणार, हे दाखवा. मी स्वाध्यायातली उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची बंद केली, त्यातूनच बराचसा वेळ निघाला. सहामाहीपर्यंत मुदत मागा. सहामाहीनंतर चार मुलांच्या वह्या घेऊन जा, त्या नेहमीच्या चौघांच्या नव्हे, मागच्या बाकावरच्या. जूनचं पान आणि ऑक्टोबरचं पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवा आणि त्यांना वाचू द्या.